खिळे घासणारा पोर आणि पंडितांचें मंडळ

(पनवेल येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें झालेलें व्याख्यान)



विद्वानांचें मंडळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें काय येतें? पाटावर बसलेले शास्त्री, पुढ्यांत पोथ्या, आणि दाराबाहेर हात जोडून उभे असलेले आपण! विद्या कोणीतरी वर बसून द्यावयाची, आपण खालीं बसून घ्यावयाची, आणि तीही दिली तर, अशी समजूत आपल्या हाडींमासीं भिनलेली आहे. आज आम्ही तुम्हांस दोन मंडळांची हकीकत सांगणार आहों. एक पांचशें वर्षांपूर्वींचें, इटली देशांतलें. दुसरें सव्वाशें-दीडशें वर्षांमागचें, खाडीपलीकडच्या आपल्या मुंबईंतलें. दोन्ही मंडळें जगांत नांवाजलीं, आणि दोन्ही मंडळांची बैठक कारागिराच्या कारखान्यांत होती. एवढी एक गोष्ट ध्यानांत धरून पुढचें ऐका.

इटलींत व्हेनिस म्हणून शहर आहे. आपल्या पनवेलीस जशी खाडी, तसें त्या शहरास गल्लोगल्लीं पाणी. गाडीच्या जागीं होडी. व्यापारावर तें गबर झालें होतें. त्या काळीं युरोपांत जुन्या विद्येचा नवा उदय होत होता. ग्रीक व लॅटिन भाषांतले ग्रंथ शेंकडों वर्षें मठांतल्या पेट्यांत पडून होते. ते बाहेर काढावे, एक पोथी दुसरीशीं ताडून शुद्ध करावी, आणि माणसाच्या जन्माचा विचार माणसानें आपल्या बुद्धीनें करावा, अशी ओढ कांहीं मंडळींस लागली होती. १४५३ सालीं तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें, आणि तिकडचे कित्येक ग्रीक पंडित पोथ्या बगलेंत मारून इटलींत पोटासाठीं आले.

अशा वेळीं, १४९० च्या सुमारास, आल्डस मनुशियस नांवाचा एक शाळामास्तर व्हेनिसला आला. श्रीमंतांच्या मुलांना शिकवून शिकवून त्याला एक गोष्ट कळली होती. ग्रीक शिकवावयाचें, तर मुलांच्या हातीं पुस्तक पाहिजे, आणि पुस्तक तर कोठेंच नाहीं! म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या त्या मास्तरानें छापखाना घातला. १४९५ पासून १४९८ पर्यंत त्यानें ॲरिस्टॉटलचे ग्रंथ मूळ ग्रीकमध्यें पांच मोठ्या खंडांत छापून काढले. १५०१ पासून त्यानें हातांत धरून चालतां येईल अशीं लहान आकाराचीं पुस्तकें काढलीं. तोंपर्यंत मोठाल्या ग्रंथाला मेज लागे. आतां पुस्तक माणसाबरोबर घोड्यावर बसून गांवोगांव जाऊं लागलें.

ह्या छापखान्याभोंवतीं विद्वान् जमले. क्रीट बेटांतला मार्कस मुसूरस, त्याच बेटांतला ग्रेगोरोपुलोस, इटलीचा स्किपिओ फोर्तेग्वेर्री, असे कितीतरी. १५०२ च्या सुमारास त्यांनीं 'नवी अकादमी' म्हणून मंडळाचे नियम केले. त्या नियमांचा छापील कागद रोम येथें पोपच्या ग्रंथालयांत राहिलेला आहे. मंडळी जमली कीं ग्रीकच बोलावयाचें, दुसरी भाषा तोंडांतून निघाली कीं दंड, आणि दंडाचे पैसे सांठले कीं सर्वांना मेजवानी! मंडळ किती नियमानें भरत असे, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पण काम झालें, तें सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. पोथ्या मिळवावयाच्या, पाठ ताडावयाचे, मुद्रितें तपासावयाचीं, चूक सांपडली कीं पुन्हां खिळे उचलावयाचे. हीच त्यांची पूजाअर्चा. १५०८ सालीं हॉलंडचा मोठा पंडित इरॅस्मस तेथें येऊन कांहीं महिने राहिला. छापखान्याच्या एका कोपऱ्यांत बसून तो लिही, आणि दुसऱ्या बाजूस जुळारी त्याचें लिहिलेलें लागलीच जुळवीत. रिकामटेकड्यांचा त्रास इतका, कीं आल्डसनें दारावर पाटी लाविली होती: काम असेल तें थोडक्यांत सांगा आणि वाटेस लागा. १५१५ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या शवाभोंवतीं त्यानें छापलेलीं पुस्तकें मांडून ठेविलीं होतीं. किती राजांना असें मरण आलें असेल?

आतां ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. आल्डसच्या पुस्तकांचीं अक्षरें जगानें वाखाणलीं. तिरप्या वळणाच्या त्या नव्या अक्षरांचा एकाधिकार व्हेनिसच्या सरकारानें आल्डसच्या नांवें करून दिला. पण तीं अक्षरें पोलादावर कोरलीं कोणीं? फ्रांचेस्को ग्रीफो नांवाच्या सोनाराच्या हाताच्या कारागिरानें. हक्क मालकाला मिळाला, आणि ग्रीफो रागावून फानो गांवीं दुसऱ्या छापखानदाराकडे गेला. तेथें १५०३ सालीं निघालेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्या छापखानदारानें स्पष्ट बजाविलें, कीं ह्या अक्षरांचा खरा जनक ग्रीफो होय. पंडितांची नांवें राजांना पाठ होतीं. ज्याच्या छिन्नीनें त्यांचा शब्द उमटला, त्याचें नांव इतिहासानें फार उशीरां उच्चारलें.

आणि दंडाचा तो नियम! मंडळींत ग्रीक बोलावें हें अभ्यासासाठीं ठीकच. पण आईच्या भाषेंत बोलणाऱ्याला जेथें दंड होतो, तेथली विद्या बाजारांतल्या लोहारा-सुताराच्या घरीं जावयास वेळ लागणारच. पेटींतली पोथी बाहेर आली खरी. ती सर्वांच्या अंगणांत आली नाहीं.

तुम्ही म्हणाल, साता समुद्रांपलीकडचें हें पुराण पनवेलीस कशाला? तर ऐका. हेंच नाटक आपल्या घरीं झालें, आणि त्यांतला सूत्रधार आपल्यांतलाच होता.

युरोपांत पुस्तकांचा पूर लोटला, त्या शतकांतच, १५५६ सालीं, गोव्यांत पोर्तुगीज पाद्र्यांनीं छापखाना आणला. पण मराठी अक्षर छापावयास पुढें अडीचशें वर्षें गेलीं. इकडे छत्रपति झाले, पेशवे झाले, अटकेपर्यंत घोडे गेले. पण ज्ञानोबा-तुकोबांचा एक अभंगही आपल्या राज्यांत शिशाच्या खिळ्यांवर चढला नाहीं. नक्कल करणाऱ्याच्या बोरूनें जेवढी पोथी निघे तेवढीच, आणि ती ज्याच्या माळ्यावर त्याचीच. अखेर १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपुरास मिशनरी केरी साहेबांनीं मराठीचें व्याकरण देवनागरींत छापलें. तेथल्या छापखान्यासाठीं देशी अक्षरें कोरणारा मुख्य कारागीर होता पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार. म्हणजे देवनागरी छापाच्या मुळाशीं पाहावें, तर तेथेंही घणाची सवय असलेला हातच सांपडतो!

मुंबईंत गणपत कृष्णाजी नांवाचे भंडारी गृहस्थ झाले. १८३१ सालीं त्यांनीं मराठी पंचांग शिळेवर छापलें. तेव्हां मोठें विघ्न उभें राहिलें. छापाच्या शाईंत चरबी असते, तें पुस्तक हातीं धरलें तर विटाळ होतो, असें सोंवळ्या मंडळींचें म्हणणें पडलें. गणपत कृष्णाजींनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं तुपाची शाई केली, आणि धर्मग्रंथ छापून विकले. कोट्यवधि माणसांना अक्षर मिळूं नये ह्याचा विटाळ कोणाला वाटला नाहीं. शाईंतल्या चरबीचा मात्र वाटला!

आतां मुख्य पुरुषाकडे येऊं. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालीं मुंबईंत एका गरीब मराठा कुटुंबांत झाला. शिक्षण नांवापुरतें. लहानपणींच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. खिळे कसे होतात हें तुम्हां कारागिरांना सांगितलें तर चटकन् कळेल. पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटें कोरावयाचें. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा. त्याला मातृका म्हणतात. मातृकेंत वितळलेली धातु ओतली कीं खिळा पडला. ओतीव खिळ्यास कोर राहते, ती दगडावर घासून काढावयाची. एक केसभर उंचसखल राहिला, तरी कागदावर अक्षर उमटत नाहीं. त्यांत आपली देवनागरी! काना, मात्रा, वेलांटी, उकार, आणि त्यावर जोडाक्षरांची पलटण. इंग्रजीला लागतात त्यांच्या कितीतरी पट खिळे आपल्याला लागतात.

त्या मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम नांवाचे साहेब देशी अक्षरें करण्यांत निष्णात होते. त्यांच्या हाताखालीं हा पोर घासतां घासतां पाहत गेला, पाहतां पाहतां शिकत गेला. पुढें इतर छापखान्यांत काम करून, १८६४ सालीं जावजींनीं खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना. अक्षरें कोरावयास त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा मित्र लाभला. आरूंनीं कोरलेलें देवनागरी वळण इतकें ठसठशीत आणि डौलदार, कीं निर्णयसागराचा ठसा म्हणजे चांगल्या छापाची खूणच होऊन बसली. ग्रीफोचें नांव इटलींत जसें विसरलें गेलें, तसें आरूंचें आपल्याकडे. तें तुम्ही आज घरीं घेऊन जा.

मग काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लींत मंडळ जमूं लागलें. जयपुराहून पंडित दुर्गाप्रसाद हे काश्मीर-राजस्थानांतल्या पोथ्या मिळवून देत. पंडित शिवदत्त होते. मुंबईंत काशीनाथ पांडुरंग परब हे पाठ जुळवीत व मुद्रितें पाहत. पुढें वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर, नारायण राम आचार्य अशी पंडितांची मालिकाच लागली. १८८६ सालीं 'काव्यमाला' नांवाचें मासिक पुस्तक सुरू झालें. त्यांत पूर्वीं कधीं न छापलेलीं काव्यें, नाटकें आणि साहित्यशास्त्राचे ग्रंथ निघूं लागले. मालेचे पुढें नव्वदांहून अधिक ग्रंथ झाले. भरताचें नाट्यशास्त्र, ज्याच्या नांवानें आपले गायक-नट कान धरतात, तें १८९४ सालीं ह्याच मालेंत निघालें. मराठीलाही जावजींनीं वाऱ्यावर सोडलें नाहीं. विनायक कोंडदेव ओक यांचें मुलांसाठींचें 'बालबोध' मासिक १८८१ पासून त्यांच्याच छापखान्यांतून निघे.

ह्या मालेंतलें एक पुस्तक तुम्हां शेतकऱ्यांचें आहे. गाथासप्तशती. पैठणच्या सातवाहन कुळांतल्या हाल राजानें ह्या गाथा गोळा केल्या असें परंपरा सांगते. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. आणि तिच्यांत आहे कोण? नांगर धरणारा गडी, शेताची राखण करणारी पोर, पावसांत गळणारें घर, परगांवीं गेलेल्या धन्याची वाट पाहणारी बायको. जर्मनींतल्या वेबर पंडितानें तिचा आधींच अभ्यास करून ती तिकडे छापली होती. १८८९ सालीं काव्यमालेंतून ती आपल्या मुंबईंत निघाली. कुणब्याचें सुखदुःख सांगणारा ग्रंथ मराठ्याच्या छापखान्यांत छापला गेला, आणि कुणब्याच्या घरीं त्याची वार्ताही पोंचली नाहीं!

आतां आम्ही एक कठोर गोष्ट बोलणार आहों. गौतमाच्या धर्मसूत्रांत असें सांगितलें आहे, कीं शूद्रानें मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानांत वितळलेलें कथील व लाख भरावी. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रावरील भाष्यांत शूद्राला वेदाधिकार नाहीं असें ठरवितांना हेंच वचन आधाराला घेतलें. असे कान किती वेळां भरले गेले, हें आम्ही सांगत नाहीं. भय मात्र हजार वर्षें पुरलें. आणि खिळ्याची धातु कोणती? शिसें, अँटिमनी आणि कथील. जें कथील आपल्या कानांत ओतावयाचें होतें, तेंच जावजींनीं मातृकेंत ओतलें, आणि त्यांतून अक्षर निघालें! शांकरभाष्य निर्णयसागरांत छापलें गेलें, तेंही अनेकदां. शूद्राच्या कानाचें तें वाक्यसुद्धां ह्याच खिळ्यांनीं जुळलें, आणि उपनिषदें हातांत घेऊन कोणीही बाजारांतून घरीं जाऊं लागला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापुरांत खुद्द शाहू छत्रपतींच्या वेदोक्ताच्या अधिकारावरून रण माजलें होतें. त्याच दिवसांत एका मराठ्याच्या छापखान्यांतला छापील ग्रंथ काशीच्या पंडितांच्या मांडीवर होता. अधिकार नाकारणाऱ्यांनीं पुस्तक मात्र नाकारलें नाहीं.

पण सत्य दोन्ही बाजूंनीं बोललें पाहिजे. दुर्गाप्रसाद, परब, पणशीकर यांनीं डोळे फोडून पाठ शुद्ध केले नसते, तर जावजींचे खिळे मुके राहिले असते. जावजींचे खिळे नसते, तर पंडितांचा श्रम पेटींतच राहिला असता. विद्येला दोन्ही हात लागतात. आमचें भांडण पंडिताशीं नाहीं. एका हाताला शालजोडी आणि दुसऱ्याला विस्मृति, ह्या हिशेबाशीं आहे.

जावजी १८९२ सालीं वारले. त्यांच्यामागें तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, अशीं नांवें पुस्तकांच्या पहिल्या पानावर येत गेलीं. आणि १९४१ सालीं यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं शोधलेली चरकसंहिता निघाली, तिच्यावर प्रकाशक म्हणून नांव आहे सत्यभामाबाई पांडुरंग. बायांनीं शास्त्र ऐकूं नये म्हणणाऱ्या देशांत वैद्यकाचा मूळ ग्रंथ एका बाईच्या नांवानें बाहेर पडला! आमच्या ह्या पनवेलींत १८७२ सालापासून कृष्णशास्त्री पुराणिकांचा धूतपापेश्वर औषधी कारखाना उभा आहे, म्हणून चरक-सुश्रुतांचीं नांवें येथल्या पोरासोरांनींही ऐकलेलीं आहेत. पण तें ज्ञान पोथींतून बाजारांत आणणारीं माणसें कोण, हें किती जणांनीं ऐकलें होतें?

आतां आमचें मागणें. पुस्तक छापलें म्हणजे विद्या घरीं आली असें होत नाहीं. व्हेनिसची विद्या ग्रीकमध्यें अडली, मुंबईची संस्कृतांत. ज्यांच्या हातांनीं ती छापली, त्यांच्याच भाऊबंदांच्या घरीं दिवा लागला नाहीं, कारण घरांत वाचणारें माणूस नव्हतें. फुल्यांनीं हेंच आधीं ओळखलें, म्हणून त्यांनीं पुस्तकाच्या आधीं शाळा काढल्या. आज शाळा आहे, पुस्तक आहे. निर्णयसागराचे जुने ग्रंथ मोबाइलवरसुद्धां उघडतात. शिशाचे खिळे गेले, संगणक आला. दारावर शास्त्री उभा नाहीं. मग अडलें कोठें? अडलें तें आपल्या समजुतींत. 'हें आपलें काम नव्हे,' असें आपणच आपल्या पोरांना सांगतों, आणि कानांत कथील ओतण्याचें जुनें काम फुकटांत करतों!

न वाचण्याची किंमत ह्या पंचक्रोशीला निराळी सांगावयास नको. १९७० नंतर नव्या शहरासाठीं जमिनी संपादन झाल्या, तेव्हां कागदावरचा एक शब्द कळणें न कळणें म्हणजे काय, हें कित्येक घरांनीं भोगलें आहे. सातबारा वाचतां येणें आणि गाथासप्तशती वाचतां येणें ह्या दोन निरनिराळ्या विद्या नाहींत. दुसऱ्याच्या तोंडानें आपला कागद ऐकावयाची संवय जिला लागली, ती जात दुसऱ्याच्या तोंडानेंच आपला इतिहास ऐकते.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली: रात्रीं जेवणानंतर अर्धा तास घरांत कोणी तरी मोठ्यानें वाचावें. पोर वाचील, आजीनें ऐकावें. चूक झाली तर हंसूं नये. दुसरी: आपल्या हातची विद्या लिहून ठेवा. हें पनवेल एके काळीं बैलगाडीच्या चाकांसाठीं नांवाजलेलें होतें. त्या चाकाचें लांकूड कोणतें, आरे किती, पाटे कसे बसवीत, धाव तापवून कशी चढवीत, हें ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक असेल त्यांच्याजवळ आजच वही घेऊन बसा. ग्रीफोनें व आरूंनीं आपली हकीकत आपल्या हातानें लिहून ठेविली असती, तर आम्हांला ती दुसऱ्यांच्या प्रस्तावनांतून वेंचावी लागली नसती. तिसरी: मुलगी असो कीं मुलगा, हाताला काम आणि डोळ्याला अक्षर ह्यांची फारकत होऊं देऊं नका. पोटासाठीं कारखान्यांत गेलेल्या पोरानें तेथें डोळे उघडे ठेविले, म्हणून निर्णयसागर झाला. पण त्याच्याबरोबर घासावयास बसलेल्या ज्या पोरांना ती संधि लाभली नाहीं, त्यांची संख्या मोठी आहे. आपलें पोर दैवावर सोडूं नका. त्याला आधीं शाळेंत घाला.

आणि उद्यां घरांत जें पुस्तक सांपडेल, मग तें शाळेचें असो, पंचांग असो कीं पोथी असो, त्याचें पहिलें पान उलटून पाहा. १८६७ च्या कायद्यानें छापणाऱ्याचें नांव-ठिकाण पुस्तकावर घालणें भाग पडलें, म्हणून तें तेथें बारीक अक्षरांत सांपडेल. आपण तें कधीं वाचीत नाहीं. पोरांना तें मोठ्यानें वाचावयास सांगा: लिहिलें कोणीं, छापलें कोणीं. मग विचारा, जुळविलें कोणीं, बांधलें कोणीं, कागद कोणीं केला? उत्तर पानावर नसेल. तें शोधावयास लागणें, हाच आपल्या मंडळाचा पहिला नियम समजा. आणि आपल्या ह्या मंडळांत आईच्या भाषेंत बोलणाऱ्यास दंड नाहीं.